मे महिना कुणाचा

४ मे, सोमवार. दुपारचे दोन वाजले आहेत आणि मी तुमची वीण उसवते आहे.

आठ पट्ट्यांपैकी पाच झाल्या, वन्सं. संध्याकाळी सहाला मुंबईच्या मॅडमचा टेम्पो येणार आहे. त्याआधी उरलेल्या तीन व्हायला हव्यात. बोटं आखडली की पाच मिनिटं हे लिहिते, मग परत ब्लेड हातात घेते.

तेराव्याला सगळे तुमच्याबद्दल चांगलं बोलले. दिघाशीचे काका म्हणाले, लेकीने मुलासारखं घर उभं केलं. रेखा रडली. तुमच्या धाकट्या भावाची बायको, जिला तुम्ही हयातभर फुगा म्हणालात, ती हुंदके देऊन रडली. मी पानं वाढत होते. मधल्या भावाची बायको, सत्तावीस वर्षं तुमच्या शेजारच्या खोलीत काढलेली, ही काय बोलते म्हणून सगळ्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी भात वाढला आणि पुढच्या पानाकडे गेले. माझ्या वाट्याचं मी इथे बोलणार आहे. तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही, हे मला बरं वाटतं आहे.

आपलं भांडण एकाच गोष्टीचं होतं. मे महिना कुणाचा? तुमच्या मते तो घरातल्या सगळ्यांचा होता. माझ्या मते तो माझा होता.

भिवंडीला, आपल्या कामतघरात, उन्हाळा लागला की लूमचा आवाज विरळ होत जातो. कामगार गावी जातात, एकेक शेड बंद पडते आणि बीमवर, म्हणजे उभ्या धाग्यांच्या रुळावर, जे काही तीन-चार हात धागे उरलेले असतात ते कापून फेकतात. आमचे हे लूमचे जॉबर, मशीन बिघडलं की दुरुस्त करणारे, म्हणून तो टाकाऊ शेवट त्यांना कुणीही न विचारता देत असे. पहिल्या वर्षी त्यांनी तो स्कूटर पुसायला आणला. मी तो जुन्या खाटेच्या चौकटीवर ताणून बांधला आणि कांड्यांवरच्या उरल्यासुरल्या धाग्यांनी आडवं विणायला घेतलं. फॉल-पिकोचं काम आटोपलं की रोज एक बोट. मार्चच्या पहिल्या तारखेपासून जून संपेपर्यंत, एका दिवसाला एक बोट रुंदीची वीण. त्या दिवशी जो धागा हाताला लागेल तो. वीज गेली त्या दिवशी अंधारात निवडलेला भलताच रंग. माझी आई गेली त्या दिवशी पांढरा नव्हताच घरात, म्हणून पिवळा. चार महिन्यांची एक पट्टी, वीतभर रुंद आणि माणसाच्या उंचीची.

ज्या दिवशी मी घरात नाही त्या दिवसाचं बोट मोकळं सोडायचं, एवढा एकच नियम मी स्वतःला घातला होता. आणि मी घरात नसायचे ती फक्त तुमच्यामुळे. मे महिन्यात तुमची गाडी निघायची. बारा दिवस. बारा बोटं मोकळी, नुसते उभे धागे, खिडकीच्या गजांसारखे. आठ वर्षांच्या आठ पट्ट्या, आणि प्रत्येकीच्या मधोमध ती खिडकी. भिंतीपासून थोड्या दूर टांगल्या की त्यातून उजेड यायचा.

गाडी म्हणजे तुमचं राज्य. चौदा माणसं, एक टेम्पो ट्रॅव्हलर, चालवायला युनूसभाई, आणि त्यांच्या शेजारच्या सीटवर तुम्ही. एका माणसाला एक पिशवी. औषधांची पिशवी तुमच्याकडे, लाडवांचा डबा तुमच्याकडे, कुणी कुठे बसायचं ते तुमच्याकडे. गणपतीपुळे, अक्कलकोट, माथेरान, उज्जैन, परत गणपतीपुळे. कुठे जायचं ते तुम्ही होळीलाच ठरवून मोकळ्या व्हायच्या. मी दर वर्षी महेश्वर म्हणायचे. तिथे नदीकाठी हातमाग आहेत, साड्या विणतात, ते मला बघायचं होतं. तुम्ही दर वर्षी एकच उत्तर दिलंत. कापडाच्या गावातून उठून कापडाच्या गावाला कशाला जायचं? बारा म्हैने त्येच बघतो ना आपन.

आणि माझ्यासाठी खास नियम. धाग्याची पिशवी गाडीत न्हाय.

मी दुसऱ्या वर्षी ती पिठाच्या डब्यातून नेली. पुठ्ठ्याला खाचा पाडून त्यावर धागे ताणले होते, तळहाताएवढं काम. गणपतीपुळ्याच्या लॉजवर भर दुपारी दार लावून बसले होते आणि तुम्ही डबा मागायला आलात. पुठ्ठा पाहिलात. मला वाटलं आता पूर्ण गाडीसमोर माझी वरात काढणार. तुम्ही डबा घेतलात आणि दार ओढून गेलात. नंतर कळलं की तुम्ही सगळ्या पोरांना समुद्रावर नेलं होतंत आणि सूर्य बुडेपर्यंत कुणाला लॉजकडे फिरकू दिलं नव्हतंत. परत आलात तेव्हा नाकाची सालं निघाली होती. तो तुकडा मात्र पुढे मागून घेतलात आणि तुमच्या लेकीच्या, मंजूच्या बाळाच्या झबल्याला खिसा म्हणून शिवून टाकलात. माझ्या कामाचा तुम्हाला कळलेला उपयोग हा एवढाच.

ती दुपार मी तुमच्या बाजूने धरते. जास्त नाही, एक दुपार.

*

आता मूळ गोष्ट.

ब्लाउज शिवायला येणाऱ्या एका मुलीने पट्ट्यांचे फोटो काढून कुणाला तरी पाठवले, आणि त्यावरून मुंबईच्या त्या मॅडमचा फोन आला. प्रदर्शन होतं. सगळ्या आठही पट्ट्या पाहिजेत, म्हणाल्या, आणि त्या मोकळ्या जागांमुळेच पाहिजेत. मी एकावन्न वर्षांची होते आणि माझ्या हातचं काहीतरी लग्नाच्या रुखवताशिवाय दुसरीकडे कुठे मांडलं जाणार होतं. गेल्या वर्षीचा एप्रिल. टेम्पो सोमवारी येणार होता. त्याआधी मुरबाडला चुलतबहिणीच्या मुलीचं लग्न होतं, म्हणून चार दिवस आम्ही दोघं तिकडे गेलो. पट्ट्या धुऊन, इस्त्री करून खोलीत दोरीवर टांगल्या होत्या. पाणी एक दिवसाआड येतं, ते भरून ठेवायला चावी तुमच्याकडे दिली.

पुढचं तुम्ही केलंत ते भिवंडीतली बाईच करू शकते.

तीस वर्षं तुम्ही शेडमध्ये कापड तपासलंत. तिरकं टेबल, मागून ट्यूबलाइट, समोरून कापडाचा ताका सरकतो आहे आणि तुमच्या हातात खडू. धागा तुटला, वीण विरळ झाली, भोक पडलं की खडूचा गोल काढायचा आणि सुईने भरून टाकायचं. तो डोळा ड्युटी संपली तरी मिटत नसे. अक्कलकोटला बसस्टँडवर एका परक्या माणसाला उभं करून तुम्ही त्याच्या शर्टाची काख रफू केली होती. तो बिचारा हात वर करून उभा होता आणि त्याची बस निघून गेली. आम्ही सगळे दहा मिनिटं हसत होतो. तुम्ही हसला नाहीत. त्या माणसाला म्हणालात, भोक घेऊन देवाला कसा जातोस?

असा डोळा घेऊन तुम्ही माझ्या खोलीत पाणी भरायला आलात आणि दोरीवर आठ भोकं टांगलेली पाहिलीत.

दोन दिवस तुम्ही ड्युटी बुडवलीत. मंजूच्या बाळंतपणातसुद्धा जी बुडवली नव्हतीत. माझेच धागे काढून, रंगाला रंग लावून, चार दिवसांत शहाण्णव बोटं भरून काढलीत. जोड शोधून सापडत नव्हता. तुमची वीण माझ्या विणीपेक्षा सरळ होती. हे मी आजपर्यंत कबूल केलेलं नाही आणि आजही फक्त इथेच करते आहे.

मी रविवारी दुपारी आले तेव्हा तुम्ही माझ्या ओट्यावर चहा ठेवला होता. ह्यांना म्हणालात, आधी तिला आत पाठव. मी आत गेले. मागून तुमचा आवाज आला, कौतुकाची वाट बघणाऱ्या पोरीसारखा.

"आठ वर्सं भोकं तशीच टांगून ठेवलीस गो. मना सांगायचं व्हतं ना. चार दिसांचं काम."

मी सगळ्या पट्ट्या एकदा हात लावून पाहिल्या. मग म्हणाले, "वन्सं, ती भोकं नव्हती."

"मग काय व्हतं?"

"तुम्ही होतात."

तुम्हाला समजायला थोडा वेळ लागला. मला तो वेळ दिसला. तुमच्या गाडीचे बारा दिवस, बारा बोटं, दर वर्षी. तुम्ही बोटांवर हिशेब केलात, कापड तपासणाऱ्या बाईला मोजायला किती लागतं. मग विचारलंत, "मी भोक हाय?"

नाही म्हणायला मला भरपूर वेळ होता. चहा उतू जात होता. मी गॅस बंद केला आणि म्हणाले, चावी ठेवा आणि जा.

सोमवारचा टेम्पो रिकामा परत पाठवला. एका रात्रीत शहाण्णव बोटं उसवणं मला जमणारं नव्हतं. मॅडम फोनवर सभ्यपणे बोलल्या आणि नंतर वर्षभर बोलल्या नाहीत. गेल्या आठवड्यात त्यांचाच परत फोन आला, यंदाच्या प्रदर्शनासाठी.

त्या मे महिन्यात मी गाडीत बसले नाही. तुम्ही निघालात तेव्हा पोरांनी खालून हाका मारल्या, मी दार उघडलं नाही. बारा दिवस घरात एकटी. ह्यांनाही पाठवून दिलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा मे महिना सबंध माझा होता, आणि मी एकही बोट न सोडता विणलं, मुरबाडच्या चार दिवसांची बोटंसुद्धा भरून टाकली. ती नववी पट्टी मी कुणाला दाखवलेली नाही. धागा रागाने ओढलेला कळतो. कडा आत ओढल्या गेल्या आहेत, मधेच कंबर आवळल्यासारखी दिसते. सबंध पट्टीत एकही जागा मोकळी नाही आणि बघायला जीव गुदमरतो. हे तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही जिंकला असतात, म्हणून सांगितलं नाही.

त्यानंतर आपण एकमेकींशी बोलणं सोडलं. खरं म्हणजे भरपूर बोलत होतो, फक्त मध्ये कुणीतरी लागायचं. दोन हातांवर उभ्या राहून तुम्ही मंजूला म्हणायचात, मामीला सांग नळ गेला. मी मंजूला म्हणायचे, आईला सांग माहीत आहे. मंजू वळ गावच्या गोदामात शंभर माणसांच्या हजेऱ्या लावते. ती एकदा म्हणाली, मी तिथे पगार घेते, इथे फुकट करते. दोघी हसायच्या बेतात होतो. हसलो नाही.

*

साडेतीन. सहावी झाली. सातवीत फसले आहे.

तुमची गाठ सापडत नाही, वन्सं. बीम बदलताना जुन्या धाग्याला नवा जोडतात ती गाठ, चपटी, ज्वारीच्या कणीएवढीसुद्धा नाही. नखाला लागत नाही, डोळ्याला दिसत नाही. सुटत तर नाहीच. म्हणून ब्लेड. आत्ता ब्लेड घसरलं आणि माझाच एक उभा धागा तुटला. आठ वर्षांपूर्वीचा. उभा धागा तुटला की पूर्ण पट्टी त्या रेषेत ढिली पडते. पाच मिनिटं नुसती बसून राहिले. मग नवा धागा घेतला आणि ज्या गाठीने हात टेकायला लावले होते तीच गाठ मारली.

ती मला तुम्हीच शिकवली होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी, मी बाराच्या उन्हात ओट्यावर बसून रडत होते. कशावरून ते आता आठवत नाही. तुम्ही विचारलंही नाही. दोन धागे हातात दिलेत. "असा वरून, असा खालून, ओढ. डोळं पुसू नको, हात ओलं होतील." दिवसभर ती एकच गाठ मारायला लावलीत. संध्याकाळी म्हणालात, आता ही शेडमध्येबी चालंल. तुमच्याकडून एवढी तारीफ मला परत कधी मिळाली नाही.

धागा धरला आहे. ताण बरोबर आला.

*

यंदा फेब्रुवारीत तुम्ही आजारी पडलात. त्याचं काय झालं, कसं झालं, ते सगळ्यांनी सगळ्यांना सांगून झालं आहे. दुपारचा डबा माझ्याकडे होता, कारण मंजूची दुपारी ड्युटी. दवाखान्यात मध्ये ठेवायला कुणी नव्हतं, त्यामुळे आपल्याला थेट बोलावं लागलं. वरण चालेल का. चालंल. पाणी देऊ का. दे. तुमचा हात दवाखान्याच्या चादरीवरून सतत फिरत असायचा. एकदा मला म्हणालात, हितं विरळ हाय बघ, म्हैन्यात फाटंल. मी पाहिलं. विरळ होती.

मी एका वाक्याची वाट बघत होते. चुकलं, एवढंच. तुम्हीही एका वाक्याची वाट बघत असणार. कुठलं ते मला माहीत आहे. मी रोज डबा घेऊन यायचे, रोज डबा घेऊन जायचे.

मग त्या दिवशी तुम्ही भिंतीकडे तोंड करून म्हणालात, की युनूसभाईला सांगितलं, या वर्षी गाडी न्हाय. मी म्हणाले, बऱ्या व्हा, मग बघू. तुम्ही वळलात.

"मी न्हाय तर तुमी जानार न्हाय. लिहून ठेव. माझ्यामागं चार मानसं एका गाडीत बसनार न्हाय तुमची. आनि तुला बरंच हाय. मे म्हैना तुलाच."

मी डब्याची झाकणं लावली. एक झाकण नीट बसत नव्हतं, ते परत लावलं. आणि निघाले.

तुमचं ते वाक्य तुम्ही फक्त मला सांगितलं असतंत तर मी गिळलं असतं. तुम्ही ते दवाखान्यात आलेल्या प्रत्येकाला सांगून ठेवलंत. तेराव्याला काका म्हणाले, वर्ष पाळायचं, यंदा सहल-बिहल काही नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. आणि रेखा, रडून झालेली, नाक पुसत म्हणाली, शालनताईंचं एक बरं झालं. आक्का म्हणतच होत्या, मी गेले की शालनला मे मिळेल.

पंगतीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात आमटीचं भांडं होतं.

तुम्ही मला मे महिना दिलात, वन्सं. सबंध गावासमोर, तुमच्या तेराव्याच्या पंगतीत, उरलेलं अन्न पदरात घालावं तसा. ज्यासाठी मी आठ वर्षं भांडले तो तुम्ही मेल्यावर मला दान केलात आणि वर मी तुमच्या मरणाची वाट बघत होते असं ठरवून गेलात. मला तो नको. अशा हाताने दिलेला तर मुळीच नको.

भांडी घासून झाल्यावर मी युनूसभाईंना फोन लावला. ते गांगरले. म्हणाले, "भाभी, आपा ने तो मना किया था."

"आपा गईं. अब मैं बोल रही हूँ. पाँच तारीख, बारा दिन."

"कहाँ जाना है?"

"महेश्वर."

आधी सगळे विरोधात गेले. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. रेखा म्हणाली, लोक काय म्हणतील. काकांचा दिघाशीहून फोन आला, आवाज चढवून, की घरातली कर्ती बाई जाऊन महिना नाही झाला आणि तुम्ही मजा मारायला निघालात. मी म्हणाले, काका, नर्मदेवर जातो आहोत. वन्संच्या नावाने स्नान करायचं आहे. मग काका म्हणाले, मंग जावा. मंग जायलाच पायजे. शेवटी त्यांनी स्वतःसाठी जागा आहे का तेही विचारलं.

स्नान करू. एक डुबकी तुमच्या नावाने मी मारीन, खोटं बोलणार नाही. उरलेले दिवस मी हातमागासमोर बसणार आहे आणि तुमची माणसं त्याच गाडीतून, तुमच्याशिवाय, तुम्हाला नको असलेल्या गावात फिरणार आहेत.

मला माहीत होतं तुम्हाला गाडी का हवी असायची. शेड वर्षभर बंद होत नाही. कामगार गावी गेले की बंद होते, तेवढीच तुमची सुट्टी. नवरा गेला तेव्हा मंजू तीन वर्षांची, त्यानंतर तीस वर्षं ट्यूबलाइटसमोर उभं राहायचं आणि वर्षातून बारा दिवस उन्हात. त्या बारा दिवसांत तुम्हाला सगळे आजूबाजूला लागायचे. माझ्या मे महिन्याइतकाच तो तुमचाही होता. मला हे सगळं आधीपासून माहीत होतं. तरी मी म्हणाले ते म्हणाले. आणि तुम्ही विचारलंत त्याला नाही म्हणाले नाही.

*

पाच वाजून दहा मिनिटं. आठवी झाली.

मध्ये मॅडमचा फोन येऊन गेला. निघालो आहोत म्हणून सांगायला. त्यांना मी गेल्या वर्षी काय झालं ते अर्धंमुर्धं सांगितलं होतं. आता तुम्ही गेल्याचं कळल्यावर त्यांचा आवाज मऊ झाला. म्हणाल्या, ताई, एखादी पट्टी तशीच राहू द्या ना, त्यांनी भरलेली. तीसुद्धा एक गोष्ट आहे. शेजारी त्यांचं नाव लावू.

मी म्हणाले, नाही.

एकही ठेवलेली नाही. आठही खिडक्या परत मोकळ्या आहेत. तुमचा धागा निघाला तो एवढा, दोन्ही मुठी भरतील इतका. चिंधीच्या पोत्यात टाकला आणि पोतं बांधून बाहेर ठेवलं. माझ्या भिंतीवर तुम्हाला जागा नाही. जिवंतपणी तुम्ही तिथे विचारल्याशिवाय आलात, आता विचारायलाही येऊ नका.

मग त्यांनी विचारलं, पाटीवर काय लिहायचं? मोकळ्या जागा म्हणजे काय, लोक विचारतील.

मी त्यांना सांगितलं, लिहा, माझ्या नणंदेचे दिवस.

त्यांना वाटलं मी तुमच्या आठवणीने लिहिते आहे. सगळ्यांना तसंच वाटेल. वाटू दे.

आता साडेसहा. टेम्पो सहाला आला. पट्ट्या नळकांड्यासारख्या गुंडाळून, वर जुनी चादर बांधून दिल्या. माणसाने गाडीत ठेवताना विचारलं, कपड़ा है क्या. मी हो म्हणाले.

*

५ मे. हे कसाऱ्याच्या अलीकडे लिहिते आहे, चहाला थांबलो आहोत. मागे रेखा आणि मंजू खिडकीच्या सीटवरून भांडताहेत. अजून एकमेकींना फाडून खाल्लेलं नाही. काका झोपले आहेत.

सकाळी पाचला उठले. लाडवांचा डबा भरला, औषधांची पिशवी तपासली. चौकटीवर यंदाची पट्टी आहे, चार मेपर्यंत आलेली. कालच्या बोटापाशी खडूने रेघ मारली, त्याच्या वर बारा बोटं मोजली, दुसरी रेघ मारली. मधले धागे मोकळे सोडले. ही बारा बोटं तुमची नाहीत. ती मी माझ्या मर्जीने सोडली आहेत. मग सगळ्यांच्या दारावर थाप मारत खाली गेले. ह्यांची दुसरी पिशवी परत वर पाठवली. युनूसभाईंनी त्यांच्या शेजारच्या सीटवरचं फडकं उचललं आणि माझ्याकडे न बघता काच पुसत राहिले. मी तिथे बसले.

गाडी सहाला निघायची होती. सहा वाजून पाच मिनिटांनी निघाली. तुमच्या वेळी सातच्या आत एकदाही निघाली नव्हती, वन्सं.